चाळिसावा पेशंट

“बाबा, हात हालवा.”

“कितीक?”

“थोडासाच. थरथर दिसली पाह्यजे. असा नाही ना! हे तर तुम्ही कोणाले एसटीत बसवून निरोप देऊन राह्यले.”

बाबांनी हात थांबवला, जरा विचार केला आणि पुन्हा हलवला. आता ते कोंबड्या हाकलत होते. सकाळचे साडेआठ वाजले होते, अकराला पुण्याहून तपासणी समिती येणार होती आणि माझ्या वडिलांना साधं थरथरता येत नव्हतं.

सुनंदा, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं पाहत होती. “धडधाकट माणसाले रोगी बनवून राह्यले तुम्ही. काही वाटते का मनाले?”

“एका सकाळचा तर प्रश्न आहे,” मी म्हणालो. “अन् धडधाकट कायचे? आंघोळीले एक तास, शर्टाले अर्धा तास. दिवसभर खुर्चीत बसून असतात. आज बसल्या बसल्या कोणाच्या कामी तरी येतील.”

बाबांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांनी मान खाली घालून सराव चालू ठेवला.

ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा वाशीमच्या एका धर्मादाय रुग्णालयात प्रकल्प समन्वयक होतो. नाव भारदस्त होतं. त्याआधी त्याच रुग्णालयात मी एक्स-रेच्या पाकिटांवर पेशंटची नावं लिहायचो. माझं शिक्षण एम. ए. भूगोल. मेंदूविषयी मला एवढंच माहीत होतं की तो डोक्यात असतो, आणि आमच्या ऑफिसातल्या काही लोकांच्या बाबतीत तेही छातीठोकपणे सांगता आलं नसतं.

रुग्णालयाचे प्रमुख डॉ. मानमोडे हे हाडांचे डॉक्टर. त्यांच्या हाती एका मोठ्या संस्थेचं परिपत्रक लागलं होतं. मागास भागात कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सन्सचं, विभागीय केंद्र काढायचं होतं. मेंदूचे डॉक्टर महिन्यातून दोनदा येतील, औषधं तिथंच मिळतील, व्यायाम करून घेणारी माणसं नेमली जातील आणि आपल्या भागात हा आजार किती, कसा, याचं संशोधन होईल. अट अशी की या भागातले निदान चाळीस रुग्ण समितीपुढे उभे करून दाखवायचे. परिपत्रक पूर्ण वाचून होण्याआधीच डॉ. मानमोडेंनी पाटी रंगवायला टाकली. ‘विभागीय कंपवात उपचार व संशोधन केंद्र’ एवढं बारीक अक्षरात, आणि ‘संचालक : डॉ. भा. रा. मानमोडे’ मोठ्या अक्षरात.

गरज मात्र खरी होती. आमच्याकडच्या माणसाला मेंदूचा डॉक्टर पाहायचा तर नागपूर गाठावं लागे. जायला दिवस, यायला दिवस, आणि गोळ्या संपल्या की पुन्हा तीच यातायात. शेलगावचे एक रिटायर वायरमन एका गोळीचे चार तुकडे करून दोन दिवस पुरवायचे. केंद्र झालं असतं तर अशा माणसांचे हाल थांबले असते आणि मी नोकरीत कायम झालो असतो. खरं सांगायचं तर मला दुसरं कारण जास्त पटलं होतं.

सर्वेक्षण माझ्याकडे आलं. या आजारात माणूस थरथरतो, एवढं ज्ञान डॉ. मानमोडेंनी मला जिन्यात उभ्या उभ्या दिलं होतं. तेच मी गावोगावच्या आशाताईंना वाटलं. “थरथरणारा दिसला की नाव लिहून घ्या.” त्यांनी बिचाऱ्यांनी इमानदारीनं काम केलं. हिवतापानं कुडकुडणारे आले. सकाळची दारू मिळेपर्यंत ज्यांचे हात कापतात असे आले. तहसीलचे एक कारकून आले. ते फक्त साहेबासमोर थरथरायचे, आणि साहेबाची बदली झाल्यावर ठणठणीत बरे झाले. द्रुपदाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या होत्या, त्या मंगळवारी अंगात आल्यावरच थरथरायच्या. मी त्यांचं नाव खोडायला घेतलं तर डॉ. मानमोडेंनी माझा हात धरला.

“समिती कोणत्या वारी येऊन राह्यली?”

“मंगळवारी, सर.”

“मग बसते ना बरोबर!”

आणि जे थरथरत नव्हते त्यांना मी परत पाठवलं. असे अकरा जण होते. त्यांतली एक आजी मला आजही दिसते. सुनेचा हात धरून दारापर्यंत चालत आली आणि उंबऱ्याशी येऊन जागीच खिळली. मागं रांग खोळंबली. मी म्हणालो, “चला ना आजी, वाट कायची पाहता?” ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, “पाय उचलत नाही बाबू.” मी तिचे हात पाहिले. हात एकदम शांत. “हे हाडाचं आहे,” मी ऐटीत सांगितलं, “तिकडे सरांच्या ओपीडीत दाखवा.” सरांनी तिच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला. त्या अकरा जणांची नावंसुद्धा मी ठेवली नाहीत. मी मोठा कामाचा माणूस होतो, नको ते कागद जमवायला मला वेळ नव्हता.

सोमवारी दुपारी द्रुपदाबाईंच्या सुनेचा निरोप आला. सासूबाईंच्या अंगात येणं महिनाभरापासून बंद झालं होतं. चाळिसाचे झाले एकोणचाळीस.

“एकोणचाळीसवर समिती नुसती चहा पिऊन वापस जाईन,” डॉ. मानमोडे म्हणाले. “उद्धव, तुझ्या घरी कोणी म्हातारं माणूस?”

“वडील आहेत सर. पण ते काही थरथरत नाहीत.”

“शिकव न मग. आणून पाह्य. मी पाह्यलं त्यायले मागं एकदा, चेहरा आहे त्यायचा पेशंटसारखा.”

मेंदूच्या आजारासंबंधी डॉ. मानमोडेंनी आयुष्यात केलेलं हे एकमेव अचूक निदान. ते त्यांनाही कळलं नाही आणि मलाही.

खरं तर बाबांवर माझा त्या काळात रागच होता. बाबा कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत धरून ओढायची आणि धाग्याची लांबी सांगायची. गाडीवान हुज्जत घालायचे, पण बाबांचा शब्द अखेरचा असायचा. असा माणूस रिटायर झाल्यावर हळूहळू नुसता ओंडक्यासारखा झाला. हाक मारली तर ओ द्यायला वेळ. बाजारात मी दहा पावलं पुढं, हे मागं पाय घासत. बोलणं इतकं हळू की मला दर वेळी “काय?” विचारावं लागायचं, आणि तिसऱ्या “काय?”ला ते “काही नाही” म्हणायचे. सही मुंगीएवढी. एकदा सुनंदा त्यांना दुधावर लक्ष ठेवायला सांगून शेजारी गेली. दूध करपून घरभर धूर झाला आणि हे चुलीपासून चार हातांवर बसलेले. “मले वासच आला नाही,” म्हणाले. सगळ्यात जास्त राग मला त्यांच्या चेहऱ्याचा यायचा. माझा सोनू त्यांच्यापुढं उलट्या कोलांट्या मारायचा, आणि आजोबांच्या तोंडावर हसू म्हणून नाही. मला वाटायचं, माझ्यावर डूख धरलाय यांनी कशाचा तरी. मग मीही बोलून घ्यायचो. “आळस भरला तुमच्या अंगात, बाबा. सारं मुद्दाम करता तुम्ही.” हे मी रोज म्हणायचो, कोणी रोज दात घासतं तसं.

तर त्या मंगळवारी त्यांच्या शर्टाची बटणं वैतागून मीच लावली आणि त्यांना स्कूटरवर बसवून रुग्णालयात नेलं.

हॉलमध्ये चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या. नवी पाटी भिंतीला टेकवून, झेंडूचा हार घालून ठेवली होती. मी रांगेतून फिरून एकेकाला सूचना देत होतो. समितीत तिघं होते. दोघं गुच्छ, शाल आणि काजूकतलीत रमले. तिसऱ्या होत्या डॉ. वसुधा नाडकर्णी, मेंदूविकारतज्ज्ञ. बुटक्या, साधी सुती साडी आणि खाली पांढरे बूट. त्यांनी गुच्छ घेऊन तो पहिल्या रांगेतल्या आजोबांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, “मला एक टेबल, दोन खुर्च्या आणि चालायला मोकळी जागा द्या. भाषण कोणी करणार असेल तर त्यांनी ते बाहेर अंगणात करावं.”

डॉ. मानमोडेंनी खिशातून काढलेला कागद परत खिशात ठेवला.

मी डॉ. नाडकर्णींच्या शेजारी फॉर्म घेऊन बसलो. त्या प्रत्येकाशी मायेनं बोलायच्या आणि निर्दयपणे नावं खोडायच्या.

“आजोबा, ही थरथर दिवसात कधी थांबते?”

“दुकान उघडलं का थांबते.”

“कोणतं दुकान?”

आजोबांनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. नाव गेलं.

बाराच्या सुमारास त्यांनी माझे फॉर्म चाळले. “समन्वयकसाहेब, ‘लक्षणे कधीपासून’ या रकान्यात तुम्ही एकोणचाळीसही जणांना ‘अंदाजे तीन वर्षे’ लिहिलंय. सगळे एकाच दिवशी आजारी पडले का?”

“मॅडम, खेड्यातल्या लोकांना आठवत नाही.”

“तुम्ही विचारलं होतं?”

मी फॉर्मचा गठ्ठा उगाच सारखा केला. शेवटी चाळिसाव्या नंबराला हाक मारायची वेळ आली.

“शामराव गावंडे.”

बाबा खुर्चीतून उठले. उठायला त्यांना तीन प्रयत्न लागले. मला तेव्हा वाटलं, वा, बाबांनी आपल्या मनानं भर घातली! समोर येऊन बसले आणि बसल्याबरोबर उजवा हात हलवायला लागले. तेच, कोंबड्या हाकलणं.

डॉ. नाडकर्णींनी दोन क्षण पाहिलं. “शामराव, डाव्या हातानं टेबलावर टकटक करा बघू. एक, दोन, एक, दोन.”

बाबांनी डावा हात वापरायला घेतला आणि उजवा थांबला. त्यांच्या लक्षात आलं, घाईघाईनं त्यांनी उजवा सुरू केला, तर डावा थांबला.

“दमलात ना?” त्या म्हणाल्या. “ठेवा हात खाली. कोणी सांगितलं होतं हे करायला?”

बाबांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. “कोणी नाही बाई. मीच.”

मागून डॉ. मानमोडे पुढं आले. “मॅडम, चुकून आले असतील. गर्दीत होते कधी कधी. उद्धव, ने यायले बाहेर.”

मी बाबांचा दंड धरून उठवायला लागलो. मॅडमनी हात वर केला. “थांबा. हात हलवणं खोटं होतं. बाकीचं मला बघायचंय.”

मग जे झालं ते पाच-सात मिनिटांचंच होतं. त्यांनी बाबांना अंगठा आणि तर्जनी एकमेकांना टेकवायला सांगितलं, जितकी मोठी उघडझाप होईल तितकी. पहिल्या चार वेळा बरं जमलं, मग बोटं जवळजवळ येत गेली आणि दहाव्या वेळी नुसतीच चिकटून राहिली. ज्या बोटांनी हजारो क्विंटल कापसाचा निकाल लावला ती बोटं. त्यांनी बाबांचं मनगट धरून कोपर वाकवलं, ते अडकत अडकत वाकलं. त्यांना चालायला लावलं. डावा हात थोडा हलत होता, उजवा अंगाला शिवल्यासारखा. वळताना त्यांनी आठ-नऊ छोटी छोटी पावलं टाकली. कागदावर पूर्ण नाव लिहायला सांगितलं. ‘शामराव’ वाचता येत होतं, ‘गावंडे’पर्यंत अक्षरं संपत आली होती.

“वास येतो का तुम्हाला?”

“नाही येत बाई. लय दिवस झाले.”

“हसून दाखवा बरं मला.”

बाबांनी प्रयत्न केला. मी अगदी समोरून पाहत होतो. चेहरा तसाच राहिला, फक्त डोळ्यांत काहीतरी हललं.

“समन्वयकसाहेब,” डॉ. नाडकर्णी म्हणाल्या, “तुमच्या चाळिसात हा नक्की पार्किन्सन्स आहे. थरथर प्रत्येकाला नसते. हळूपणा आणि ताठरपणा, मुख्य आजार तोच. याला औषध आहे, आणि यांना ते फार आधी मिळायला हवं होतं.” मग फॉर्मखालची माझी सही पाहून म्हणाल्या, “तुमचंही आडनाव गावंडेच? कोण हे तुमचे?”

“वडील.”

“कुठं राहतात?”

“माझ्याजवळ. एकाच घरात.”

त्यांनी पेनचं टोपण लावलं. दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

समितीच्या अहवालात आमच्या चाळिसांपैकी सतरा खरे निघाले. आमचा अर्ज फेटाळला गेला. अहवालात एक वाक्य माझ्यासाठी खास होतं, की सर्वेक्षण करणाऱ्या कर्मचाऱ्यास स्वतःच्या घरातील रुग्ण ओळखता आला नाही, सबब सर्वेक्षण नव्यानं करावं. डॉ. मानमोडेंनी पाटी उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूवर ‘प्लास्टर कक्ष’ लिहून घेतलं. ते म्हणायचे, पुण्याच्या लोकांना विदर्भाचं भलं पाहवत नाही. मी डॉ. नाडकर्णींकडं जाऊन तीन आठवडे शिकलो, परत येऊन गावं पुन्हा पालथी घातली आणि परत पाठवलेल्या अकरा जणांना शोधत फिरलो. सात सापडले. उंबऱ्याशी खिळलेली आजी सापडली नाही, तिचं घर सापडलं. सून म्हणाली, पडल्या, मांडी मोडली, नंतर उठल्याच नाहीत. दोन वर्षांनी केंद्र झालं. आता तिथं तीनशेवर पेशंट आहेत आणि फॉर्मवरचा तो रकाना मी कोणालाही अंदाजानं भरू देत नाही. नव्या पोरांना मी खडूस वाटतो.

बाबांना गोळ्या लागू पडल्या. दीड महिन्यानं एकदा सोनूनं काहीतरी वेडावून दाखवलं आणि बाबा हसले. हसले म्हणजे आवाज करून, दात दाखवून. मी मोरीत जाऊन नळ सुरू केला आणि रडलो. चार वर्षं मी ज्याला राग समजून रागावत होतो, तो राग नव्हताच. त्यांचा चेहरा हलत नव्हता, एवढंच.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी त्या टेबलापाशी अजून एक काम शिल्लक होतं. डॉ. नाडकर्णींनी चाळिसावा फॉर्म माझ्यापुढं सरकवला. “हा नीट भरा. लक्षणं कधीपासून?”

मी पेन उघडला. मला माहीत नव्हतं. एका छताखाली राहत होतो, रोज ताटाला ताट लावून जेवत होतो आणि मला माहीत नव्हतं.

“लिही,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच बारीक होता, पण या वेळी मी “काय?” म्हणालो नाही, खाली वाकून ऐकलं. “सोनूचं जावळ होतं त्या दिवसापासून. कोटाच्या बटना लागेनात मले. पाव्हणे दारात येऊन बसले होते. तू आला अन् म्हणला, बाबा, तुम्ही मुद्दाम करून राह्यले.”

“बाबा, मी...”

“तू म्हणला आळस हाय. मग रोजच म्हणे. आदी मले वाटे, आळस नाही, काहीतरी दुखणं हाय. पण म्हणलं, आपल्या घरात शिकलेला माणूस तो हाय, अन् आता त याच रोगाच्या हापिसात बसते. दुखणं असतं त त्याले कळलंच असतं.” त्यांनी टेबलावरचा तो शांत हात दुसऱ्या हातानं उचलून मांडीवर ठेवला. “म्हणून मीच मनाले सांगतलं, का शामराव, तू आळशीच झाला.”